पाण्याखालची विहीर आणि होडीवरची स्क्रीन: फिश फाइंडर, चार्टप्लॉटर घेण्याआधी

नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, पैठणच्या वरच्या अंगाला एक जागा आहे. तिथे होडी आली की आमचे नावाडी काका वल्हं आडवं धरतात आणि म्हणतात, "हितं खाली हीर हाय. जरा थांबा." चारही बाजूंना नुसतं पाणी. काठावरची एक पाण्याची टाकी आणि दूरच्या देवळाचा कळस एका रेषेत आला, की काकांना विहीर सापडते. ते शेत त्यांच्या आजोबांचं होतं. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली, १९७६ साली धरणाचं लोकार्पण झालं, आणि शंभराहून अधिक गावांसोबत ते शेतही पाण्याखाली गेलं.

मी पहिल्यांदा फिश फाइंडर बसवून काकांसोबत त्या जागी गेलो, तेव्हा स्क्रीनवर विहीर दिसलीच नाही. तळ सपाट, खोली २२ फूट. काका काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. घरी येऊन मी यंत्राची माहिती नीट वाचली, एक सेटिंग बदललं आणि पुढच्या रविवारी त्याच जागेवरून सावकाश गेलो. या वेळी स्क्रीनवरचा तळ अचानक खाली खचला, काही क्षण तसाच राहिला आणि पुन्हा वर आला. विहीर जागेवरच होती. मला यंत्राला नीट विचारता येत नव्हतं, एवढंच.

सेटिंग काय बदललं ते कळलं, की फिश फाइंडर कोणता घ्यायचा याचं अर्धं उत्तर हाती येतं.

फिश फाइंडर म्हणजे आवाज सोडून त्याचा पडसाद ऐकणारं यंत्र. या तंत्राला सोनार म्हणतात. होडीच्या बुडाशी बसवलेला ट्रान्सड्युसर पाण्यात आवाजाचा ठोका सोडतो. आपल्या कानाला तो ऐकू येत नाही. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर धावतो, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने. आठ मीटर खोल तळाला आपटून परत यायला त्याला सेकंदाचा जेमतेम शंभरावा भाग लागतो. तेवढा वेळ मोजून यंत्र खोली सांगतं. वाटेत मासा असेल तर त्याच्यावरूनही पडसाद येतो, आणि तो मुख्यतः माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे येतो. पाणी आणि हवा यांच्या सीमेवरून आवाज जोरात उलटतो. नुसत्या मांसावरून तो फारसा उलटत नाही, कारण मांस आणि पाणी आवाजाच्या दृष्टीने जवळपास सारखंच.

हा आवाज सरळ सुतळीसारखा खाली जात नाही. टॉर्चच्या झोतासारखा पसरत जातो. किती पसरणार ते त्याच्या सुरावर, म्हणजे फ्रिक्वेन्सीवर ठरतं, आणि ती किलोहर्ट्झमध्ये मोजतात. नेहमीच्या २०० किलोहर्ट्झच्या झोताचा कोन साधारण २० अंश असतो, तर ८३ किलोहर्ट्झचा ६० अंशांच्या आसपास. आता २२ फूट पाण्यात काय होतं पाहा. २० अंशांचा झोत तळावर पावणेआठ फुटांचं वर्तुळ पाडतो, ६० अंशांचा पंचवीस फुटांचं. विहिरीचं तोंड अठरा-वीस फूट. रुंद झोत विहिरीच्या तोंडापेक्षा मोठा, त्यामुळे काठाच्या जमिनीचा पडसाद आधी पोचतो आणि यंत्र त्यालाच तळ समजून सपाट रेघ मारतं. अरुंद झोत मात्र विहिरीच्या आत अख्खा मावतो. मी बदललं ते एवढंच: ८३ वरून २०० किलोहर्ट्झ.

म्हणून दुकानात "याचा कव्हरेज मोठा आहे" असं सांगितलं तर लगेच भुलू नका. रुंद झोत जास्त पाणी बघतो, पण ढोबळ बघतो. दोन्ही फ्रिक्वेन्सी निवडता येणारं यंत्र घ्यावं. आजकाल बहुतेक चांगल्या यंत्रांत 'चिर्प' असतं. जुनं यंत्र एकाच सुराचा ठोका मारतं, चिर्प खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत आवाज ओढत नेतं. त्यामुळे जवळजवळ असलेले दोन मासे वेगळे दिसतात आणि तळाला चिकटून बसलेला मासा तळापासून सुटा दिसतो. यासाठी थोडे जास्त पैसे गेले तरी द्यावेत.

खोलीच्या आकड्यांसाठी मात्र अजिबात देऊ नयेत. खोक्यावर शेकडो मीटर खोलीचा दावा असतो, एक किलोवॉटची ताकद लिहिलेली असते. ती ताकद कोकणातून खोल समुद्रात जाणाऱ्यांना लागते. जायकवाडीच्या धरणाची उंचीच सुमारे ४१ मीटर, त्याहून खोल पाणी असणार कुठे? जलाशय भरला की क्षेत्र साधारण ३५० चौरस किलोमीटर आणि साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर. भागाकार केला तर सरासरी खोली सव्वाआठ मीटर येते, तीही काठोकाठ भरलेल्या वर्षी. नाथसागर हा परातीसारखा पसरट जलाशय आहे. दोन-तीनशे वॉटचं यंत्र इथे पुरून उरतं.

पाणी उथळ असल्याचा एक तोटाही आहे. तीन मीटर पाण्यात २० अंशांचा झोत तळावर जेमतेम एक मीटर बघतो, आणि होडी डोक्यावर आल्यावर मासा तिथे थांबत नाही. इथे साइड स्कॅन कामाला येतो. तो होडीच्या दोन्ही बाजूंना पातळ पंख्यासारखा आवाज सोडतो आणि तीस-चाळीस मीटरपर्यंतचा तळ बऱ्यापैकी चित्रासारखा दाखवतो. बुडालेली भिंत, बांध, बाभळीचं खोड हे सगळं त्यात सावलीसकट दिसतं. सावली लांब म्हणजे वस्तू उंच. फक्त होडी सरळ रेषेत आणि माणसाच्या झपाझप चालण्याच्या वेगाने न्यावी लागते. वळलात की चित्र फाटतं. नांदेडच्या विष्णुपुरीसारख्या लांबट, नदीच्या पात्रासारख्या जलाशयात तर मधून एकदा गेलं तरी बरंच काही उलगडतं. डाउन स्कॅन हा त्याचाच खाली बघणारा भाऊ. झुडूप कोणतं आणि मासा कोणता हे साध्या सोनारपेक्षा त्यात स्वच्छ कळतं.

आता स्क्रीन वाचण्याबद्दल, कारण सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. स्क्रीन म्हणजे पाण्याखालचा फोटो नव्हे. 'आत्ता' आहे तो फक्त उजव्या कडेचा एक उभा पट्टा. त्याच्या डावीकडचं सगळं झालेलं आहे. होडी नांगरून उभी असली तरी चित्र सरकत राहतं, आणि खाली एकच मासा निवांत थांबला असेल तर स्क्रीनवर लांबच लांब रेघ दिसते. नवा माणूस तिला भलामोठा मासा समजतो. कमानीचा उलगडाही यातच आहे. मासा झोताच्या कडेला असतो तेव्हा तिरक्या रेषेत लांब असतो, बरोबर खाली आला की जवळ येतो, पलीकडे गेला की पुन्हा लांब. म्हणून रेघ वर चढून खाली उतरते. अर्धीच कमान दिसली तर मासा झोताच्या कडेकडेने गेला असं समजावं.

यंत्र घेतल्याबरोबर माशांची चिन्हं दाखवण्याची सोय बंद करा. यंत्राला मासा ओळखता येत नाही, ते फक्त पडसादाच्या आकारावरून अंदाज बांधतं. माझ्या सुरुवातीच्या दोन सुट्ट्या एका 'माशांनी भरलेल्या' जागेवर गेल्या. गळ अडकत होते, तुटत होते, मासा एकही नाही. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर तिथे वाळलेल्या बाभळींचं अख्खं बन उभं होतं. फांद्यांना अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा पडसाद यंत्र मासा म्हणून दाखवत होतं. चिन्हांशिवायचा कच्चा पडसाद बघायची सवय व्हायला चार-सहा फेऱ्या लागतात, पण ती सवय आयुष्यभर पुरते.

शिवाय आपले मासे एका थरात राहत नाहीत. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तळाचा मृगळ आणि मधला रोहू सोनारला छान सापडतात. कटला पाच फुटांवर फिरत असेल तर तिथे झोत अर्धा मीटरच रुंद असतो, त्यामुळे स्क्रीन रिकामी म्हणून पाणी रिकामं असं होत नाही. आणि मरळ तर काठच्या पाणवनस्पतींत राहतो, हवा घ्यायला वर येतो. त्याच्यासाठी यंत्र नको, डोळे हवेत.

स्क्रीनवर पैसे घालावेत की ट्रान्सड्युसरवर, असा प्रश्न आला तर मी डोळे झाकून ट्रान्सड्युसर म्हणेन. ऐकणारा कान तोच. आणि तो बसवताना आपल्याकडे हमखास चूक होते. फायबरची होडी असेल आणि बूड भरीव असेल, तर आतून चिकटवलेला ट्रान्सड्युसरही फायबरमधून ऐकतो. फक्त मध्ये हवेचा बुडबुडा राहता कामा नये. साइड स्कॅन आणि डाउन स्कॅनचा ट्रान्सड्युसर मात्र थेट पाण्यातच लागतो. लाकडी होडीतून किंवा थर्माकोलच्या तराफ्यातून आवाज आरपार जात नाही, कारण दोन्हींत हवा भरलेली असते. तिथे पीव्हीसीचा पाइप घ्या, खालच्या टोकाला ट्रान्सड्युसर बसवा आणि पाइप शिकंजाने होडीच्या कडेला आवळा. इंजिन असेल तर पंख्यापासून दूर बसवा, कारण पंख्याने घुसळलेल्या पाण्यातल्या बुडबुड्यांत यंत्र आंधळं होतं. ट्रान्सड्युसर पाण्यात फूटभर खाली असेल तर तो फूट सेटिंगमध्ये भरा, नाहीतर प्रत्येक खोली फूटभर कमी दिसेल.

आता चार्टप्लॉटर. माझ्या मते मराठवाड्यातल्या माणसाने सगळ्यात जास्त विचार इथे करायला हवा.

चार्टप्लॉटर म्हणजे जीपीएस आणि नकाशा एकत्र. निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की यंत्र आपली जागा काढतं, आणि मोकळ्या पाण्यावर चूक काही मीटरचीच असते. समुद्राचे नकाशे तयार मिळतात. आपल्या देशात ते काम देहरादूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय करतं. त्या नकाशातली खोली ओहोटीच्या नीचांकी पातळीपासून मोजलेली असते, म्हणजे प्रत्यक्षात पाणी सहसा त्याहून जास्तच मिळतं. आपल्या धरणांत यातलं काहीच चालत नाही. विकत मिळणाऱ्या नकाशात जलाशयाची बाह्यरेषा असली तरी आतली खोली दिसेलच असं नाही, आणि दिसली तरी ती कोणत्या पाणीपातळीची? समुद्राला दिवसातून दोनदा भरती-ओहोटी येते. नाथसागराची भरती पावसाळ्यात येते आणि ओहोटी मे महिन्यापर्यंत चालते. काही वर्षी भरती येतच नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा मांजरा धरण कोरडं पडलं होतं. अशा पाण्यात तयार नकाशाच्या भरवशावर पैसे घालण्यात अर्थ नाही.

म्हणून चार्टप्लॉटरमध्ये एकच गोष्ट आधी बघा: फिरता फिरता स्वतःचा खोलीचा नकाशा बनवता येतो का? गार्मिनमध्ये या सोयीला क्विकड्रॉ म्हणतात, हमिनबर्डमध्ये ऑटोचार्ट, लोरन्समध्ये जेनेसिस. काम एकच. होडी जाते तिथली खोली आणि जागा यंत्र जोडून ठेवतं आणि समान खोलीच्या रेषा काढतं. पाच-सहा फेऱ्यांत तुमच्या नेहमीच्या भागाचा असा नकाशा तयार होतो, जो दुकानात मिळत नाही. त्यात गोदावरीचं जुनं पात्र सापासारखं वळताना दिसायला लागतं. पात्राची दरड, ओढा जिथे पात्राला मिळत होता तो कोपरा, गाडरस्त्याचा उंचवटा, मासा धरून राहतो तो अशाच जागी.

पण पाणीपातळीचा हिशोब ठेवला नाही तर हा नकाशाही दोन महिन्यांत खोटा पडतो. हिशोब साधा आहे. धरणाची पातळी समुद्रसपाटीपासून फुटांत मोजतात. नाथसागर पूर्ण भरतो तेव्हा ती १,५२२ फूट असते, आणि रोजची पातळी पाटबंधारे खात्याकडून जाहीर होते, पेपरातही येते. विहिरीपाशी गेलो त्या दिवशी पातळी १,५१८ होती आणि खोली २२ फूट. वजा केलं की विहिरीच्या काठाची जमीन १,४९६ फुटांवर आहे हे कळतं. हा आकडा वर्षानुवर्षं फारसा बदलत नाही, गाळ साचेल तेवढाच. मी आता कोणतीही जागा साठवताना नावासोबत हाच आकडा लिहितो: 'विहीर १४९६'. पुढे कधीही त्या दिवसाच्या पातळीतून तो वजा करायचा. काही यंत्रांत पातळीचा फरक भरण्याची सोय असते, मग सगळा नकाशाच त्या दिवसापुरता वरखाली होतो. खरेदी करताना ही सोय मुद्दाम विचारा.

यंत्र घेण्याआधी फुकटात करता येईल असंही एक काम आहे. गूगल अर्थवर जुनी उपग्रहचित्रं बघता येतात. दुष्काळी वर्षांच्या मे-जून महिन्यांतली चित्रं शोधा. एरवी पाण्याखाली असणारे रस्ते, बांध, पात्राची वळणं तिथे उघडी पडलेली दिसतात. त्या जागांचे अक्षांश-रेखांश लिहून घ्या आणि प्लॉटरमध्ये भरा. आणि त्याहून आधी जुन्या माणसांना होडीत बसवा. पैठण-गंगापूरकडच्या भोई वस्तीतल्या म्हाताऱ्यांना कुठल्या पाण्याखाली कुणाचा मळा होता हे आजही सांगता येतं. ही माहिती नकाशाच्या कोणत्याही कार्डात नाही, आणि ती माणसं दरवर्षी कमी होताहेत.

प्लॉटरचा दुसरा उपयोग जिवाशी निगडित आहे. नाथसागर काही ठिकाणी सत्तावीस किलोमीटरपर्यंत रुंद आहे. दुपारी वारा सुटला की तिथे समुद्रासारख्या लाटा उठतात, आणि हिवाळ्यातल्या पहाटे धुकं पडलं की काठ दिसत नाही. गेल्या वाटेची रेघ यंत्र साठवतं, तिच्यावरून उलटं येता येतं. होडीतून माणूस पडला तर ती जागा एका बटणाने पक्की होते. मात्र पाण्यातली जाळी सोनारवर भरवशाने दिसत नाहीत. थर्माकोलचे तुकडे तरंगताना दिसले की इंजिन बंद करा आणि लांबून वळसा घ्या. ते जाळं कुणाच्या तरी घरची चूल आहे. जीवरक्षक जाकिटाला तर कोणतंच यंत्र पर्याय नाही.

परवानगीचंही बघून घ्या. जायकवाडी जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथे होडी घालण्याआधी वन विभागाला विचारणं भाग आहे. बाकी जलाशयांतली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. गळ टाकण्याआधी त्यांना भेटावं.

स्क्रीनबद्दल थोडक्यात. पाच इंची स्क्रीनवर सोनार आणि नकाशा शेजारी शेजारी ठेवले की दोन्ही चिमुकले होतात, सात इंच ठीक. दुकानात दिव्याखाली बघू नका, बाहेर उन्हात आणून बघा, तेही तुमचा गॉगल घालून. पोलराइज्ड गॉगलमधून काही स्क्रीन काळ्या दिसतात. नुसत्या टचपेक्षा बटणं असलेलं यंत्र बरं, कारण ओल्या आणि आमिषाने माखलेल्या हाताने टच नीट चालत नाही. मोबाइलवर भागवू म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की एप्रिलच्या उन्हात मोबाइल तापून बंद पडतो आणि नेमका परतीच्या वेळी. भारतात वॉरंटी लागू आहे का हे बिल करण्याआधी लेखी घ्या. माझ्या ओळखीच्या एकाने बाहेरून आणवलेलं यंत्र बिघडलं आणि इथे कुणी हात लावायला तयार झालं नाही.

बॅटरी यंत्रासाठी वेगळी ठेवा. इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीला जोडलं, तर स्टार्टर मारल्याबरोबर विजेचा दाब कोसळतो आणि यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होतं. सात इंची यंत्र साधारण एक अँपिअर खातं. यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी निम्मीच वापरावी, म्हणजे साडेतीन तास मिळाले. दिवसभर राहायचं तर लिथियम फॉस्फेटची १२ किंवा २० अँपिअर-अवरची घ्या. ती हलकी असते आणि बरीचशी उतरली तरी तिला त्रास होत नाही. मध्ये यंत्रासोबतच्या पुस्तिकेत लिहिलेल्या क्षमतेचा फ्यूज लावा.

मला कुणी विचारलं तर मी हे सांगतो. स्वतःची होडी असेल तर सात इंची, चिर्प आणि डाउन स्कॅन असलेलं, स्वतःचा नकाशा बनवणारं यंत्र घ्या. जमलं तर साइड स्कॅनही. मासा हलताना थेट दाखवणारा लाइव्ह सोनार मिळतो, पण त्याची किंमत बाकी सगळ्या सामानाच्या वर जाते आणि गळाच्या छंदासाठी मला ती पटत नाही. भाड्याची होडी किंवा काठावरूनच मासेमारी असेल तर दोरीला बांधून पाण्यात फेकायचा, मोबाइलला जोडला जाणारा चेंडूसारखा सोनार पुरे. खोली आणि तळ तोही सांगतो.

या मे महिन्यात पातळी १,५०६ फुटांवर आली होती. प्लॉटरवर 'विहीर १४९६' ही खूण लावून आम्ही निघालो. त्या दिवशी काकांनी टाकी आणि कळसाकडे न बघता मुद्दाम स्क्रीनकडे बघितलं. खूण होडीखाली आली तेव्हा खोली दहा फूट दाखवत होती. काकांनी लांब बांबू पाण्यात सोडला. बांबू दहा फुटांवर टेकला. त्यांनी तो उचलून दोन हात पुढे टाकला आणि तिथे तो टेकलाच नाही.